औद्योगिक प्रशिक्षणातील प्रौढ अध्येता : चार पायऱ्यांची पद्धती ते अध्ययनशैली – एक ऐतिहासिक चिकित्सा

बीजसंज्ञा : प्रौढ अध्ययन, कार्यस्थळ प्रशिक्षण, अध्ययनशैली, हर्बार्टची पंचपदी, उद्योगांतर्गत प्रशिक्षण, पूर्वज्ञान

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन अध्यापकांसाठी आयोजित केलेल्या एका प्रशिक्षण वर्गात पहिल्याच सत्रात सर्व सहभागींच्या हाती एक प्रश्नावली देण्यात आली. ऐंशी विधाने, प्रत्येकापुढे पटते किंवा पटत नाही अशी खूण करावयाची आणि शेवटी गुणांची बेरीज. या बेरजेनुसार कोणी 'कृतिशील' ठरले, कोणी 'चिंतनशील', तर कोणी 'व्यवहारवादी'. प्रस्तुत लेखक 'सिद्धांतप्रिय' गटात पडला. गमतीचा भाग असा, की एवढे वर्गीकरण झाल्यानंतर उर्वरित सर्व दिवस चारही गटांना एकाच सभागृहात, एकाच पडद्यासमोर बसून तीच भाषणे ऐकावी लागली. प्रश्नावलीचे कागद कोठे गेले, हे पुढे कोणी विचारले नाही.

हा अनुभव बहुसंख्य वाचकांना अपरिचित नसावा. प्रत्येक प्रौढ व्यक्तीची शिकण्याची एक ठरावीक शैली असते, प्रशिक्षकाने ती ओळखावी आणि तिला अनुरूप असे प्रशिक्षण आखावे, हा विचार आज शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, बँकांच्या प्रशिक्षण केंद्रांत आणि कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत जवळजवळ स्वयंसिद्ध मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र स्वयंसिद्ध वाटणाऱ्या गोष्टींची जन्मतारीख विचारण्याची सवय असते. हा विचार केव्हा जन्मला? त्याच्या आधी लक्षावधी प्रौढांना कामाच्या जागी शिकविले गेले, ते कोणत्या आधारावर? आणि माणसामाणसांतील भेदाची दखल त्या वेळी घेतली जात नव्हती काय? या प्रश्नांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या प्रशिक्षणपद्धतीतही व्यक्तिभेदाला स्थान होते. परंतु तो भेद शैलीचा नसून पूर्वज्ञानाचा मानला गेला होता, आणि नंतरच्या संशोधनाचा कौलही बहुतांशी त्याच बाजूने पडला आहे.

हर्बार्टची पंचपदी जहाजाच्या गोदीत

मराठी शिक्षकाला योहान फ्रीडरिख हर्बार्ट (१७७६–१८४१) हे नाव नवे नाही. त्याच्या अनुयायांनी, विशेषतः त्सिलर व राइन यांनी, रूढ केलेली पंचपदी आपल्याकडील अध्यापक विद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतली गेली. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, नियमीकरण व उपयोजन या पाच रकान्यांत पाठटाचण लिहिल्याशिवाय एकेकाळी कोणाला शिक्षक होता येत नसे. या पंचपदीचा गाभा असा, की नवे ज्ञान रिकाम्या मनात उतरत नाही. मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाशी त्याची सांगड घालावी लागते. म्हणून पाठाची पहिली पायरी शिकविण्याची नसते, तर विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे ते चाचपण्याची असते.

हाच गाभा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या गोद्यांत पोहोचला. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्यापुढे सर्वांत निकडीचा प्रश्न जहाजांचा होता. गोद्यांतील मनुष्यबळ थोड्या काळात कित्येक पटींनी वाढवावयाचे होते. येणारे कामगार शेतांतून, दुकानांतून, इतर धंद्यांतून येत होते; जहाजाचा पत्रा जोडणे म्हणजे काय, याची त्यांतील बहुतेकांना कल्पना नव्हती. कुशल कारागीर होते, परंतु त्यांना शिकविता येत नव्हते. स्वतः रिव्हेट मारणे आणि दुसऱ्याला रिव्हेट मारावयास शिकविणे, ही दोन वेगळी कामे आहेत, ही गोष्ट प्रथम तेथे मोठ्या प्रमाणावर ध्यानात आली.

या प्रसंगी सरकारी जहाज महामंडळाने मॅसॅच्युसेट्समधील व्यवसायशिक्षणाचे अनुभवी अध्यापक चार्ल्स ॲलन यांना पाचारण केले. ॲलन यांनी कारागिरांनाच शिक्षक बनविण्याचे अभ्यासक्रम आखले आणि युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये आपल्या अनुभवाचे ग्रंथरूप प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावातच शिक्षक, माणूस आणि काम हे तीन घटक एकापुढे एक मांडलेले आहेत. ॲलन यांची पद्धती चार पायऱ्यांची होती : पूर्वतयारी, निरूपण, उपयोजन आणि चाचणी. पंचपदीतील तुलना व नियमीकरण या दोन पायऱ्या गळाल्या, कारण गोदीतील कामगाराला नियम सिद्ध करावयाचे नव्हते, काम करावयाचे होते. चाचणी ही पायरी मात्र नव्याने आली. कामगार एकटा, मदतीशिवाय काम करू शकतो किंवा नाही, हे पाहिल्याखेरीज पाठ पूर्ण झाला असे धरावयाचे नाही. पहिली पायरी हर्बार्टचीच राहिली. शिकणाऱ्याच्या अनुभवात असे काय आहे, ज्याला नवे काम टांगता येईल, हे शिक्षकाने शोधावयाचे. पूर्वी शिवणकाम केलेला माणूस आणि पूर्वी नांगर धरलेला माणूस यांना एकच काम शिकविताना सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करावी लागेल, असा याचा अर्थ. आपल्या पाठटाचणाचे आणि गोदीतील या पद्धतीचे आजोबा एकच आहेत, ही बाब आपल्या शिक्षणशास्त्र विभागांत फारशी सांगितली जात नाही, याचे नवल वाटते.

एक गाठ आणि तिचा धडा

ॲलन यांच्या पद्धतीला खरा विस्तार मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. ऑगस्ट १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरण्यापूर्वीच, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या नावाची सरकारी सेवा स्थापन झाली. मराठीत तिला 'उद्योगांतर्गत प्रशिक्षण' म्हणता येईल. चॅनिंग डूली, वॉल्टर डायट्झ, माइक केन आणि विल्यम कोनोव्हर हे तिचे चार प्रमुख. चौघेही मोठ्या कंपन्यांतून आलेले. या सेवेकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक भिंगे घासणाऱ्या कारागिरांच्या तुटवड्याचे होते. सैन्याच्या दृक्‌यंत्रांसाठी ३५० निष्णात भिंगकार हवे होते आणि एक भिंगकार तयार होण्यास पाच वर्षे लागतात, अशी त्या व्यवसायातील समजूत होती. प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण केल्यावर असे आढळले, की भिंगकार दिवसभरात जी अनेक कामे करतो, त्यांतील बरीचशी अर्धकुशल माणसाला देता येण्याजोगी आहेत. उरलेल्या मोजक्या कामांतील कौशल्य काही नेमक्या मुद्द्यांत सामावलेले आहे. ते मुद्दे ओळखून शिकविल्यावर पाच वर्षांचा काळ काही महिन्यांवर आला. निष्णात कारागिराला हे मुद्दे ठाऊक असतात, परंतु ते आपल्याला ठाऊक आहेत हेच ठाऊक नसते. प्रौढांच्या प्रशिक्षणाचा इतिहास लिहिताना हा शोध कोणत्याही सिद्धांतापेक्षा महत्त्वाचा मानावा लागेल.

यातून जो अभ्यासक्रम तयार झाला, त्याचे नाव 'जॉब इन्स्ट्रक्शन', म्हणजे कार्यशिक्षण. दोन तासांची पाच सत्रे, एकूण दहा तास. एका गटात साधारण दहा पर्यवेक्षक. पहिल्या सत्रात एक प्रात्यक्षिक ठरलेले असे. ते येथे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण अध्ययनशैलीच्या पुढील सर्व चर्चेचे बीज त्यात आहे.

प्रशिक्षक गटातील एकाला पुढे बोलावतो. विजेच्या दिव्याची दुपदरी तार ज्या खोबणीत बसते, तेथे ताण जोडांवर येऊ नये म्हणून एक विशिष्ट गाठ मारतात. ती गाठ प्रशिक्षक प्रथम केवळ तोंडी सांगतो : तारेची टोके इतकी सोडवा, उजव्या हाताच्या तारेचा असा फास करा, डाव्या हाताची तार त्याच्या अशा बाजूने न्या. सूचना अचूक असतात, तरी समोरचा माणूस गोंधळतो आणि गाठ पडत नाही. मग प्रशिक्षक दुसऱ्याला बोलावतो आणि एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवितो. पाहणाऱ्याला सर्व सोपे वाटते. तार हाती येताच तोही अडतो. तिसऱ्या वेळी प्रशिक्षक शिकणाऱ्याला समोर न बसविता आपल्या शेजारी आणतो, कारण समोरून पाहिल्यास गाठ उलटी दिसते. त्याला या कामाविषयी काय माहीत आहे ते विचारतो. मग एकेक टप्पा दाखवीत, सांगीत, नेमक्या मुद्द्यावर थांबत गाठ मारतो. नंतर त्याच्याकडून करून घेतो, पुन्हा करताना त्याला ते मुद्दे स्वतःच्या तोंडाने सांगावयास लावतो. गाठ पडते.

या प्रात्यक्षिकातून काढावयाचा निष्कर्ष त्या काळच्या प्रशिक्षकांच्या दृष्टीने निःसंदिग्ध होता. नुसते सांगणे पुरत नाही, नुसते दाखविणेही पुरत नाही, आणि हे सर्वांच्या बाबतीत खरे आहे. पहिला माणूस 'श्राव्य' प्रकारचा नव्हता म्हणून चुकला आणि दुसरा 'दृश्य' प्रकारचा नव्हता म्हणून अडला, असे स्पष्टीकरण १९४१ साली कोणाला सुचले नसते. आज तेच प्रात्यक्षिक एखाद्या प्रशिक्षण वर्गात केले, तर बहुधा हेच स्पष्टीकरण प्रथम पुढे येईल. गाठ तीच, तार तीच. बदलला आहे तो आपला चष्मा.

प्रशिक्षण संपल्यावर प्रत्येक पर्यवेक्षकाला खिशात मावेल असे एक कार्ड मिळे. त्याच्या एका बाजूला शिकविण्याच्या चार पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला शिकविण्यापूर्वीच्या तयारीच्या चार गोष्टी. कामगार शिकला नसेल तर शिक्षकाने शिकविलेच नाही, अशा आशयाचे एक वाक्यही त्यावर असे. तयारीच्या गोष्टींपैकी पहिली 'वेळापत्रक' ही होती, आणि व्यक्तिभेदाचा प्रश्न ज्या जागी सोडविला गेला ती जागा हीच. एका कागदावर एका बाजूला विभागातील कामे, दुसऱ्या बाजूला कामगारांची नावे. ज्याला जे काम येते तेथे खूण. जेथे खूण नाही तेथे कोणत्या तारखेपर्यंत शिकवावयाचे ती तारीख. हा चौकटींचा कागद म्हणजे त्या विभागातील प्रत्येक माणसाच्या पूर्वज्ञानाचा नकाशा होता. कोण कोणत्या 'प्रकारचा' आहे हे त्यात लिहावयाचे नव्हते. कोणाला काय येते एवढेच लिहावयाचे होते. तयारीची दुसरी गोष्ट म्हणजे कामाची फोड : महत्त्वाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यातील मर्मबिंदू. ज्यावाचून काम बिघडेल, ज्यावाचून इजा होईल किंवा ज्यामुळे काम सुलभ होईल, तो मर्मबिंदू.

स्वभावभेदाची दखल या सेवेने अजिबात घेतली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तिचा 'जॉब रिलेशन्स' हा दुसरा अभ्यासक्रम माणसांशी माणूस म्हणून वागण्याविषयीच होता. परंतु स्वभाव हा संबंधांचा विषय आणि ज्ञान हा शिक्षणाचा विषय, ही विभागणी तेथे पक्की होती.

आकड्यांविषयी थोडेसे

सप्टेंबर १९४५ मध्ये ही सेवा बंद झाली, तोवर सुमारे १६,५०० कारखाने व संस्थांतील १७ लाख ५० हजार व्यक्तींना तिची प्रमाणपत्रे मिळाली होती. सेवेच्या अंतिम अहवालात पाहणी केलेल्या कारखान्यांपैकी ८६ टक्के ठिकाणी उत्पादनात किमान २५ टक्के वाढ झाल्याचे नमूद आहे. हे आकडे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत फार श्रद्धेने उद्धृत केले जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे भोळे असू नये. अहवाल ज्या संस्थेचे मूल्यमापन करतो, त्याच संस्थेने तो लिहिलेला आहे. युद्धकाळात यंत्रे, कंत्राटे, कामाचे तास सर्वच वाढत होते. प्रशिक्षण न मिळालेल्या कारखान्यांत किती वाढ झाली, याच्याशी तुलना तेथे नाही.

अशी तुलना कित्येक दशकांनी झाली. निकोला बियांची व मिकेला जॉर्चेल्ली या अर्थशास्त्रज्ञांनी, प्रशिक्षणासाठी अर्ज करून ते मिळालेल्या आणि अर्ज करूनही न मिळालेल्या कंपन्यांच्या नोंदी शोधून त्यांची पुढील वाटचाल तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार प्रशिक्षित कंपन्या अधिक काळ टिकल्या, त्यांची उत्पादकता वाढली आणि हा परिणाम वर्षानुवर्षे राहिला. म्हणजे अहवालाची टक्केवारी बाजूला ठेवली तरी परिणाम खराच होता, असे मानण्यास आता आधार आहे. अर्थात त्या अभ्यासातील श्रेय तिन्ही अभ्यासक्रमांना मिळून आहे. एकट्या कार्यशिक्षणाला ते देता येणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती ठरावीक, पुनःपुन्हा करावयाच्या हातकामासाठी बनली होती. काम करण्याची एकच उत्तम रीत आहे आणि ती वरून ठरते, हे तिचे गृहीतक होते. प्रशिक्षकांना ठरलेल्या संहितेबाहेर बोलण्याची मुभा नव्हती. शिकणाऱ्याने 'हे काम असेच का?' असे विचारावे, ही अपेक्षा कार्यशिक्षणात दुय्यमच राहिली. युद्ध चालू असताना हे समजण्यासारखे आहे. शांततेच्या काळात ते तसेच स्वीकारता येणार नाही.

जपान आणि भारत

युद्धोत्तर काळात अमेरिकेतील कारखान्यांनी ही पद्धती जवळजवळ विस्मरणात टाकली. अमेरिकन ताब्यातील जपानमध्ये मात्र ती रुजली. टोयोटा कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी कार्यशिक्षण स्वीकारले, आणि पुढे जेव्हा अमेरिकन तज्ज्ञ टोयोटाचे रहस्य शोधण्यास जपानला गेले, तेव्हा त्यांना तेथे आपल्याच आजोबांचे कार्ड सापडले.

आपल्याकडील स्थिती निराळी होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत भरती, देखरेख आणि शिकवणी ही तिन्ही सूत्रे दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीतील दस्तुरीच्या अनिष्ट प्रथेवर बोट ठेवले. नवा कामगार गावच्या वा नात्याच्या माणसाच्या बाजूला उभा राहून, पाहून पाहून शिके. या शिकण्यात गाठीच्या प्रात्यक्षिकाचा केवळ दुसरा भाग होता; दाखविणे होते, सांगणे बेताचेच होते. तरीही गिरण्या चालल्या, कारण बाजूला उभे राहण्याचा काळ महिनोन्‌महिन्यांचा असे आणि त्याचा मोबदला कोणी देत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने उद्योगांतर्गत प्रशिक्षणाची पद्धती भारतात आली. परंतु १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा उमेदवारी अधिनियम यांनी शासनाचा भर नोकरीपूर्व, अभ्यासक्रमबद्ध शिक्षणाकडे वळविला. १९५८ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेले केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले, तेही कामाच्या कौशल्यापेक्षा कामगार संघटना व नागरिकत्व यांच्या शिक्षणासाठी. कामावर असलेल्या माणसाला त्याच्या कामाच्या जागी शिकविणे ही गोष्ट आपल्याकडे बेवारसच राहिली, असे म्हणावेसे वाटते.

अध्ययनशैलीचा उदय

'अँड्रागॉजी' हा शब्द जर्मनीतील आलेक्झांडर काप याने १८३३ मध्ये वापरला होता. परंतु तो इंग्रजी जगात रूढ केला अमेरिकेतील माल्कम नोल्स यांनी १९६८ पासून. प्रौढ माणूस स्वयंदिग्दर्शित असतो, त्याच्यापाशी अनुभवाचा साठा असतो आणि त्याला शिकण्याचा उपयोग ताबडतोब हवा असतो, हे नोल्स यांचे म्हणणे सर्वपरिचित आहे. ते येथे पुन्हा मांडत नाही. त्यांच्या विचारात अनुभवाला महत्त्व होते, शैलींच्या पेट्या मात्र नव्हत्या.

त्या पेट्या आल्या डेव्हिड कोल्ब यांच्याबरोबर. मूर्त अनुभव, चिंतनपूर्वक निरीक्षण, अमूर्त संकल्पना आणि सक्रिय प्रयोग या चार अवस्थांचे चक्र त्यांनी मांडले. १९७० च्या दशकात त्यावर आधारित प्रश्नावली आणि १९८४ मध्ये ग्रंथ आला. इंग्लंडमध्ये पीटर हनी व ॲलन ममफर्ड यांनी १९८२ मध्ये व्यवस्थापकांसाठी तीच कल्पना सोपी करून ऐंशी विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रस्तावनेत उल्लेखिलेली प्रश्नावली ही तिचीच पुतणी असावी. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन व कृती हे चार प्रकार लोकप्रिय केले.

या लाटेची कारणे बौद्धिक कमी आणि सामाजिक अधिक आहेत, असे लेखकाचे मत आहे. या काळात प्रशिक्षणाचे गिऱ्हाईक बदलले. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराऐवजी खुर्चीत बसलेला व्यवस्थापक प्रशिक्षणार्थी झाला. त्याच्या कामाची टप्पे व मर्मबिंदू अशी फोड करणे अवघड होते. त्याच्या व्यक्तिमत्त्वाची फोड करणे सोपे होते. प्रश्नावली छापता येते, विकता येते, अर्ध्या तासात भरून घेता येते. शिवाय तिच्यात एक खराखुरा दिलासा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळेत ज्याला मठ्ठ म्हटले गेले, त्याला चाळिसाव्या वर्षी कोणी सांगितले, की तू मठ्ठ नव्हतास, तुझी शैली वेगळी होती, तर त्याला बरे वाटणारच. या दिलाशाची टिंगल करण्याचा अधिकार आपणा अध्यापकांना तर मुळीच नाही.

मात्र या प्रणेत्यांनी स्वतः जे म्हटले आणि त्यांच्या नावावर जे खपले, त्यांत अंतर आहे. कोल्ब यांच्या मते शिकणाऱ्याने चारही अवस्थांतून गेले पाहिजे. हनी व ममफर्ड यांनी दुबळ्या शैली बळकट कराव्यात असा सल्ला दिला. फ्लेमिंग यांच्या १९९२ मधील निबंधाच्या शीर्षकातच आपली प्रश्नावली ही आणखी एक मोजपट्टी नसून आत्मचिंतनाला चालना आहे, असा खुलासा होता. माणसाची शैली ओळखा आणि त्याला तेवढेच द्या, हा सोपा नियम प्रशिक्षणाच्या बाजारपेठेने तयार केला.

पुराव्याची कसोटी

उद्योगांतर्गत प्रशिक्षणाच्या आकड्यांना जी कसोटी लावली, तीच येथेही लावली पाहिजे. २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अध्ययनशैलीच्या ७१ प्रतिमानांची नोंद करून त्यांतील १३ प्रमुख प्रतिमानांची कसून तपासणी केली. विश्वसनीयता व सप्रमाणतेच्या चारही किमान कसोट्यांवर केवळ एक उतरले. ते कोल्ब यांचे नव्हते, हनी-ममफर्ड यांचेही नव्हते. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर प्रभृती चार मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न अधिक नेमका केला. शैलीनुसार शिकविण्याने लाभ होतो हे सिद्ध करावयाचे असेल, तर प्रत्येक शैलीच्या लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत विभागावे लागेल, सर्वांची एकच परीक्षा घ्यावी लागेल, आणि एका शैलीला एक पद्धती व दुसऱ्या शैलीला दुसरी पद्धती अधिक फलदायी ठरली पाहिजे. अशा रचनेचे अभ्यास त्यांना फारच थोडे आढळले, आणि जे आढळले त्यांतील काहींचे निष्कर्ष उलट होते. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की व सहकाऱ्यांनी प्रौढांवरच हा प्रयोग केला. ऐकून शिकणे आवडणारे आणि वाचून शिकणे आवडणारे, अशांना एकच मजकूर कधी श्राव्य, कधी लिखित रूपात दिला. आवडीचा व आकलनाचा अपेक्षित मेळ दिसला नाही.

माणसाला आवड नसते, असा याचा अर्थ नाही. आवड असते, आवडीप्रमाणे दिले म्हणजे अधिक कळते, एवढेच सिद्ध होत नाही.

मग कोणता भेद महत्त्वाचा? याचे उत्तर एका कमी गाजलेल्या संशोधनमालेत आहे आणि ती कारखान्यातील उमेदवारांवरच आधारलेली आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. ऑस्ट्रेलियातील स्लावा काल्युगा, पॉल चँडलर व जॉन स्वेलर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेच्या जोडणीच्या आकृत्या शिकणाऱ्या उमेदवारांचे निरीक्षण केले. नवख्या उमेदवारांना आकृतीतच जागोजागी स्पष्टीकरण लिहिलेले असले की उत्तम समजे. तेच उमेदवार अनुभवी झाल्यावर तोच मजकूर त्यांना अडथळा ठरू लागला. त्यांना नुसती आकृती पुरे झाली. माणूस तोच, शैली बदलण्याचे कारण नाही. बदलले होते ते त्याचे ज्ञान. नवख्याला सविस्तर आणि जाणत्याला मोजके, हा भेद टिकाऊ ठरला आहे. चौकटींच्या त्या कागदावर नेमक्या याच भेदाच्या खुणा होत्या.

महाविद्यालयाच्या कार्यालयात

हा विषय लेखकाला केवळ ग्रंथांतून सुचला नाही. आमच्या महाविद्यालयात प्रवेशाची सर्व प्रक्रिया संगणक प्रणालीवर नेण्याचे ठरले, तेव्हा कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे समन्वयन लेखकाकडे आले. प्रस्तावनेतील वर्गाचा प्रभाव ताजा होता. संगणक कक्षात सर्वांना एकत्र बसविले. दृश्य प्रकारच्यांसाठी पडद्यावर चित्रे, श्राव्य प्रकारच्यांसाठी व्याख्यान, वाचनप्रियांसाठी छापील पुस्तिका, अशी तजवीज केली. दोन दिवसांनी प्रवेश सुरू झाले आणि खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली. ज्यांना आम्ही सर्व भाऊसाहेब म्हणतो ते ज्येष्ठ लिपिक, पंचवीस वर्षे प्रवेशाची नोंदवही सांभाळलेले, माउस हाती घेऊन घामाघूम झाले होते. शेजारचा नवा कनिष्ठ लिपिक झरझर बोटे चालवीत होता, पण नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत कशी पाहावयाची, हे त्याला ठाऊक नव्हते. चूक त्यांची नव्हती. दोघांनाही ज्याची गरज नव्हती ते शिकविण्यात आमचे दोन दिवस गेले होते.

पुढील वर्षी शैलींचा विचार सोडून एक साधा तक्ता केला. उभ्या बाजूला कामे : अर्जाची छाननी, प्रमाणपत्र पडताळणी, शुल्काची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षा अर्ज, दाखला. आडव्या बाजूला सात जणांची नावे. ज्याने त्याने आपल्याला काय येते ते स्वतः भरले. थोडी भीड पडली, विशेषतः ज्येष्ठांना, आणि दोन चौकटी नंतर खोडून दुरुस्त कराव्या लागल्या. तक्ता पूर्ण झाल्यावर रिकाम्या चौकटी अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाल्या, आणि एकाची रिकामी चौकट बहुधा दुसऱ्याची भरलेली होती. कनिष्ठ लिपिक भाऊसाहेबांच्या शेजारी बसला, समोर नव्हे.

कामाची फोड करताना अर्ज भरण्याच्या टप्प्यात कोणता मर्मबिंदू लिहावा, असे विचारले तेव्हा प्रणालीच्या पुस्तिकेत कोठेही नसलेली एक गोष्ट भाऊसाहेबांनी सांगितली. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम असते आणि प्रणालीत पहिला रकाना विद्यार्थ्याच्या नावाचा आहे. घाईत गुणपत्रिकेवरून जसेच्या तसे उतरविले की आडनाव नावाच्या जागी जाते. ही चूक त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही, ती तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्रावर उमटते आणि मग विद्यार्थ्याला विद्यापीठाचे हेलपाटे घालावे लागतात. तक्त्याखाली लाल शाईने ते लिहिले गेले आणि कनिष्ठ लिपिकाकडून तीन अर्ज, प्रत्येक वेळी मर्मबिंदू तोंडाने म्हणत, भरून घेतले गेले. चौथा त्याने न विचारता भरला.